हलकी सिस्टीम टाकूनही जुना संगणक पुन्हा पुन्हा अडकतोय? डिस्ट्रो बदलण्याआधी हे तपासा

लक्षणं साधारण अशी असतात. दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप विंडोजवर रखडत चालायला लागतो, म्हणून त्यावर एखादं हलकं लिनक्स टाकलं जातं. पहिले काही दिवस मशीन झकास चालतं. मग ब्राउझर उघडायला वेळ लागतो, मधेच सगळं थिजतं, हार्ड डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि माउसचा बाण जागचा हलत नाही. वैतागून आणखी हलकं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा तयार संच, शोधायचं, तेही टाकायचं. पुन्हा थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच रड. लुबंटूवरून लिनक्स लाइट, तिथून अँटीएक्स, शेवटी पपी, आणि मग ‘या मशीनमध्ये आता जीव उरलेला नाही’ म्हणून ते माळ्यावर जातं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे धडधाकट मशीनंसुद्धा आता या वाटेला येत आहेत आणि त्यातली बरीच अशीच फेऱ्यात अडकून बाद होतात. मला याचं वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा सापडण्यासारखा आणि दुरुस्त होण्यासारखा असतो.

माझं ठाम मत असं की दुसऱ्यांदा अडकणाऱ्या मशीनमध्ये डिस्ट्रोचा दोष क्वचितच असतो. मग नवं डिस्ट्रो टाकल्यावर फरक का पडतो? याची कारणं आहेत आणि ती समजली की पुढचं निदान सोपं होतं. एक म्हणजे ब्राउझरचं प्रोफाइल कोरं असतं. जुने टॅब, एक्स्टेन्शन, साठलेला कॅश, नोटिफिकेशन पाठवणाऱ्या साइट, काहीच नसतं. दुसरं, पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम अजून जमलेले नसतात. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं: इन्स्टॉलर डिस्कवर नव्याने लिहितो, आणि लिहिण्याने आजारी डिस्कची काही दुखणी तात्पुरती झाकली जातात. ती कशी, ते पुढे येईल.

थिजलं की लगेच पॉवर बटण दाबू नका

मशीन अडकतं त्या क्षणी ते सगळ्यात जास्त माहिती देत असतं. तेव्हा कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का ते पाहा. मग डिस्कचा दिवा पाहा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्यावरचं लॉगिन येतं का ते पाहा, आणि त्यासाठी मिनिटभर थांबा.

कॅप्स लॉकचा दिवा उशिरा का होईना बदलतोय आणि डिस्कचा दिवा सतत पेटलाय, तर सिस्टीम जिवंत आहे. एकतर रॅम संपून स्वॅपची, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेची, ओढाताण चालू आहे किंवा डिस्क स्वतःच अडली आहे. दिवा झटकन बदलतोय, काळ्या पडद्यावर लॉगिनही करता येतंय, पण चित्र मात्र मेलंय, तर संशय ग्राफिक्सवर घ्यायचा. कशालाच प्रतिसाद नाही, डिस्कचा दिवा विझलेला, चालू असलेल्या गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहिलाय, तर उष्णता, रॅमचा दोष, वीजपुरवठा किंवा प्रोसेसरच्या वीजबचतीतली गडबड. आणि कॅप्स लॉकचा दिवा आपोआप उघडझाप करत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभाच, कोसळलं आहे.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर मागच्या वेळच्या नोंदी वाचा. सिस्टमडी (सिस्टीमच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या डिस्ट्रोत जर्नलसीटीएल या आज्ञेला आधीच्या बूटच्या नोंदी मागता येतात. अँटीएक्समध्ये सिस्टमडी नाही, तिथे व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये सिसलॉग आणि कर्नलचा लॉग बघायचा. सगळं समजायची गरज नाही. शेवटच्या पन्नास-साठ ओळींत डिस्कच्या आय/ओ एररचा, आउट ऑफ मेमरीचा किंवा तापमानाचा उल्लेख दिसला तरी अर्धं काम झालं.

पहिला संशय: डिस्क

जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना फार वाईट नसते. पण सिस्टीम आणि ब्राउझर असं सलग काही वाचत नाहीत. त्यांना इकडची चिमूटभर, तिकडची चिमूटभर अशी शेकडो छोटी वाचनं लागतात. दर वेळी डिस्कचं डोकं सरकून योग्य जागी येईपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो, म्हणजे सेकंदाला अशी शंभरच्या आसपास वाचनं होतात. एसएसडीत हलणारं काही नसतं, तिथे हा आकडा हजारोंमध्ये जातो. म्हणूनच सगळी सिस्टीम बदलून मिळत नाही तेवढा फरक फक्त डिस्क बदलून मिळतो.

टर्मिनलमध्ये टॉप चालवा आणि वरच्या ओळींत डब्ल्यूए या अक्षरांजवळचा आकडा पाहा. प्रोसेसर डिस्कची वाट बघत किती टक्के वेळ रिकामा बसलाय, ते हा आकडा सांगतो. मशीन रखडताना तो सतत मोठा दिसत असेल, तर डेस्कटॉप कितीही हलका केला तरी काही होणार नाही.

आता तब्येत. डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला जीस्मार्टकंट्रोल नावाचा खिडकीवाला प्रोग्रॅम आहे, टर्मिनलवाल्यांसाठी स्मार्टमाँटूल्स आहे. ‘पास’ असं हिरवं उत्तर आलं तरी त्यावर विसंबू नका, आतले आकडे बघा. क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन कायमचे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत हाती न लागलेले. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. १९९ चा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक आहे आणि केबल किंवा जोडणी सैल आहे. ती काढून पुन्हा घट्ट बसवायची किंवा बदलायची.

वर म्हटलेलं तिसरं कारण या १९७ मध्ये आहे. एखादा सेक्टर वाचता येत नाही तेव्हा डिस्क तो लगेच टाकून देत नाही, कारण त्यात तुमचा डेटा असतो. ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. घरगुती वापराच्या डिस्क यात कित्येक सेकंद घालवतात, आणि लिनक्सचं कर्नलही एका आज्ञेच्या उत्तराची डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघतं, मग जोडणी नव्याने सुरू करून पुन्हा प्रयत्न करतं. तुम्हाला दिसतं ते थिजणं हेच. पण त्याच सेक्टरवर काही नवं लिहिलं की डिस्कची सुटका होते. जुना डेटा जपायची गरज उरत नाही, सेक्टर चालला तर ठीक, नाहीतर राखीव साठ्यातला दुसरा त्या जागी येतो आणि १९७ चा आकडा उतरतो. नवं डिस्ट्रो टाकताना नेमकं हेच घडतं. डिस्क बरी झाल्यासारखी वाटते, मग शेजारचे सेक्टर जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. डिस्ट्रो बदलून मिळालेले ते ‘चांगले दिवस’ बऱ्याचदा असे मिळालेले असतात.

१९७ किंवा १९८ मध्ये आकडा दिसला तर दुसरं काहीही करण्याआधी डेटा बाहेर काढा. डिस्क फारच अडत असेल तर साधं कॉपी-पेस्ट करू नका. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं, त्यामुळे मरणासन्न डिस्कवर ताण कमी पडतो. डेटा सुखरूप झाला की डिस्क बदला.

‘माझ्या मशीनचा साटा (डिस्क जोडायची सोय) जुना आहे, एसएसडीचा काय उपयोग’ अशी शंका फार लोकांना असते. साटाच्या पहिल्या पिढीचा वेग १.५ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला दीडशे एमबीपर्यंत. एसएसडीला याहून जास्त झेपतं हे खरं, पण फायदा त्या वेगाचा नसतोच. शोधण्याचा वेळ नाहीसा होतो, त्याचा असतो, आणि तो जुन्या साटावरही पूर्ण मिळतो. आयडीई जोडणी असलेल्या त्याहून जुन्या मशीनला मात्र ॲडॉप्टर लागतो आणि सगळे ॲडॉप्टर सगळ्या मशीनशी जुळत नाहीत.

एक गोष्ट करू नका. फाइलसिस्टीमला ‘नोएटाइम’ लावा, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ दर वेळी लिहिली जाणार नाही आणि वेग वाढेल, असा सल्ला अजून फिरत असतो. २००९ च्या २.६.३० कर्नलपासून लिनक्स आपणहूनच ‘रिलेटाइम’ वापरतं आणि ती वेळ क्वचितच लिहितं, त्यामुळे त्या खटाटोपातून हाती काही लागत नाही.

दुसरा संशय: रॅम, म्हणजे खरं तर ब्राउझर

आइसडब्ल्यूएम, एलएक्सक्यूटी, एक्सएफसीई ही डेस्कटॉपची नावं. अँटीएक्स आइसडब्ल्यूएमवर नुसतं उघडं असताना दोनशे-तीनशे एमबीत बसतं. एलएक्सक्यूटीवरचं लुबंटू त्याच्या साधारण दुप्पट घेतं, एक्सएफसीई असलेली डिस्ट्रो सहाशे ते आठशेच्या घरात जातात. हे आकडे आवृत्तीनुसार आणि मशीननुसार बदलतात, पण अंदाज यावा इतपत बरोबर आहेत. म्हणजे सगळ्यात हलक्या आणि मध्यम डेस्कटॉपमधला फरक पाचशे एमबीच्या आसपास. तेवढी रॅम ईमेलचा एक टॅब आणि व्हिडिओचा एक टॅब मिळून सहज खातात. २ जीबीच्या मशीनवर डेस्कटॉप बदलून तुम्ही दोन टॅबांची जागा मिळवता, आणि सवयीने तिसरा-चौथा टॅब उघडला की ती संपते.

मोजायचं कसं? टर्मिनलमध्ये फ्री चालवा. त्यात ‘मोकळी’ आणि ‘उपलब्ध’ असे दोन रकाने येतात. मोकळी रॅम कमी दिसली म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकाम्या रॅममध्ये डिस्कवरच्या फाइली साठवून ठेवतं आणि गरज पडली की ती जागा सोडून देतं. बघायचा तो ‘उपलब्ध’चा आकडा. तो शे-दीडशे एमबीवर येऊन टेकला आणि स्वॅप भरत चालला, तर थिजण्याचं कारण सापडलं.

शक्य असेल तर रॅम वाढवा, यापेक्षा चांगला उपाय नाही. आधी मदरबोर्डला किती रॅम चालते ते बघून घ्या. डीमायडीकोड नावाचा प्रोग्रॅम ती मर्यादा सांगतो, पण बायोसने (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमने) त्याला चुकीची माहिती पुरवलेली असू शकते, म्हणून मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. इंटेलच्या ९४५ चिपसेटच्या मशीनमध्ये ४ जीबी बसवली तरी साधारण सव्वातीन जीबीच वापरात येते. ॲटम एन४५० च्या छोट्या नेटबुकांची मर्यादा २ जीबीच आहे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचा आकार सारखा असला तरी व्होल्टेज वेगळं असतं, १.५ आणि १.३५. १.३५ वर चालणाऱ्या मशीनमध्ये १.५ ची पट्टी बसेल, पण मशीन सुरू होईलच असं नाही.

रॅम वाढवता येत नसेल तर झेडरॅम लावा. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरला जातो, पण तिथे जाणारा मजकूर दाबून लहान केलेला असतो. २ जीबीच्या मशीनवर निम्म्या रॅमएवढं झेडरॅम ठेवलं आणि त्यात मजकूर अडीच-तीनपट दाबला गेला, तर बरीच जागा निर्माण होते. प्रोसेसरवर थोडा भार येतो, पण फिरत्या डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा तो कितीतरी परवडतो. झेडरॅम असताना स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅप किती लवकर वापरायचं ते ठरवणारा आकडा, १०० पर्यंत वाढवायला हरकत नाही. डीफॉल्ट ६० असतं आणि ‘जुन्या मशीनवर ते १० करा’ हा सल्ला डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता, इथे तो उलटा पडतो.

त्याबरोबर अर्लीऊम हा छोटा प्रोग्रॅम टाका. रॅम आणि स्वॅप दोन्ही संपत आले की तो सगळ्यात जड प्रोसेस बंद करतो. ब्राउझरमध्ये तो बहुतेक वेळा एखादा टॅबच असतो. टॅब गेला तर पुन्हा उघडता येतो. मशीन दहा मिनिटं थिजलं आणि पॉवर बटण दाबावं लागलं, तर लिहीत असलेलं सगळं जातं. कर्नलमध्ये अशी सोय आहे, पण तिची पाळी फार उशिरा येते.

पपीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पपी पुरेशी रॅम दिसली की स्वतःला तिच्यात चढवून घेतं, म्हणून ते विजेसारखं चालतं. पण १ जीबीच्या मशीनवर त्याने व्यापलेली तीच जागा ब्राउझरला कमी पडते. ‘पपी सगळ्यात हलकं, तरीही ब्राउझर बंद पडतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

ब्राउझरच्या बाजूने करण्यासारखं बरंच आहे. यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट आल्याच नाहीत तर त्यांची रॅमही लागत नाही, जुन्या मशीनवर हा फरक डोळ्यांना दिसतो. फायरफॉक्समध्ये अबाउट प्रोसेसेस हे पान उघडून कोणता टॅब किती खातोय ते पाहा, आणि अबाउट अनलोड्स या पानावरून न लागणारे टॅब रॅममधून उतरवा. लुबंटूवर फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो आणि फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. तिथे मोझिलाच्या रिपॉझिटरीतला डेब पॅकेजमधला फायरफॉक्स टाकला की उघडण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो.

व्हिडिओ अडखळतो त्याचं कारण वेगळं आहे. २०११ च्या आसपासच्या इंटेल चिपमधलं ग्राफिक्स एच.२६४ या प्रकारात दाबलेला व्हिडिओ स्वतः उलगडू शकतं, पण यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे प्रकार पाठवतं. ते उलगडायचं काम मग सगळं प्रोसेसरवर पडतं. एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन साइटकडून एच.२६४ मागून घेतं. त्याबरोबर ४८० किंवा ७२० वर थांबलात तर तेच मशीन व्हिडिओ सुरळीत दाखवतं. एमपीव्ही प्लेअर आणि यूट्यूबडीएलचा वारस वायटी-डीएलपी ही जोडी त्याहून हलकी पडते.

सुरुवातीला ठीक, वीस मिनिटांनी मंद: उष्णता

थंड मशीन छान चालतं आणि थोड्या वेळाने सगळंच जड होतं, तर रॅम किंवा डिस्कच्या मागे लागण्याआधी तापमान बघा. एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स चालवलं की आकडा मिळतो. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर ९० ते १०५ अंशांच्या दरम्यानच्या कुठल्यातरी मर्यादेला स्वतःचा वेग उतरवतात, आणि तरीही ताप वाढला तर मशीन थेट बंद होतं. काहीही न करता ६५-७० च्या वर राहत असेल तर पंख्यात धूळ अडकली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली आहे. दहा वर्षांत दोन्ही होतंच.

धूळ उडवताना पंखा काडीने अडवून धरा, हवेच्या झोताने तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग बिघडतं. जाळीच्या आतल्या बाजूला नमद्यासारखा थर बसलेला असतो, तो बाहेरून फुंकून निघत नाही, पंखा सोडवावाच लागतो. पेस्ट बदलताना जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून काढा. लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या, यात काटकसर नको.

तापमान कमी असूनही प्रोसेसरचा वेग तळाला चिकटलेला दिसला तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप चार्जरची ओळख पटली नाही, किंवा बॅटरी पूर्ण मेलेली असली, की प्रोसेसरला सगळ्यात कमी वेगावर बांधून ठेवतात. कोणतीही सिस्टीम टाकली तरी तो वेग सुटत नाही. प्रत्येक डिस्ट्रोवर अगदी सारखंच मंद चालणाऱ्या मशीनमध्ये मी हे आवर्जून पाहतो.

चित्र मरतं, मशीन जिवंत राहतं

हे ग्राफिक्सचं दुखणं. बूट होताना कर्नलच्या पर्यायांत नोमोडसेट हा शब्द जोडून बघा. त्याने थिजणं थांबलं तर दोष ड्रायव्हरचा आहे हे कळतं. पण ते कायम ठेवू नका, त्यात ग्राफिक्सचा वेग मिळत नाही. एक्सएफसीईत कंपोझिटर (खिडक्यांना सावल्या वगैरे देणारा भाग) बंद करून पाहा, सावल्या आणि पारदर्शकपणा गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. जुन्या एनव्हिडिया कार्डांसाठी कंपनीचे ३४० मालिकेचे ड्रायव्हर २०१९ अखेर आणि ३९० चे २०२२ अखेर थांबले. नव्या कर्नलवर ते जुळवत बसण्यापेक्षा लिनक्समधल्या नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर राहावं, किंवा प्रोसेसरसोबत इंटेलचं ग्राफिक्स असेल तर बायोसमधून तेच चालू ठेवावं. इंटेलचं जीएमए ५०० आणि जीएमए ३६०० हे मात्र खरंच अवघड प्रकरण आहे. त्यांचा गाभा पॉवरव्हीआर या दुसऱ्या प्रकारच्या ग्राफिक्सचा आहे आणि लिनक्सवर त्यांना नीट वेग कधीच मिळाला नाही. अशा नेटबुकवर व्हिडिओची अपेक्षा ठेवू नका.

बे ट्रेल पिढीचे ॲटम, सेलेरॉन, पेंटियम असलेली मशीनं, साधारण २०१३-१४ ची, काहीही कारण न दिसता पूर्ण गोठायची. या प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्थांशी लिनक्सचं जमत नव्हतं. नवीन कर्नलमध्ये बरीच सुधारणा झाली आहे. तरीही कुठे गोठत असेल तर कर्नलच्या पर्यायांत इंटेल आयडलचा मॅक्स सी-स्टेट (झोपेची कमाल खोली) १ वर बांधून बघा. बॅटरी लवकर संपेल, पण मशीन उभं राहील.

कशाचाच मेळ लागत नसेल, कधी ब्राउझर कोसळतो, कधी इन्स्टॉलेशनच अर्ध्यात तुटतं, तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकसुद्धा चूक चालत नाही. चूक आली तर रॅमच्या पट्ट्या काढून, टोकं पुसून, एकेक बसवून तपासा.

छोटी दुखणी

दर वेळी सुरू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सेल संपली आहे, बहुतेक मशीनमध्ये ती सीआर२०३२ असते. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, अपडेटही ‘ही फाइल अजून वैध नाही’ म्हणून थांबतात, आणि लोक वायफायला दोष देतात. तारीख बरोबर असूनही जुन्या सिस्टीमवर अनेक साइट उघडत नसतील तर साइटची ओळख पटवणारी, सिस्टीममधली मूळ प्रमाणपत्रं जुनी झाली असण्याची शक्यता असते. ३० सप्टेंबर २०२१ ला साइटना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं प्रमाणपत्र संपलं तेव्हा असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं.

वायफायच सापडत नसेल तर बहुधा त्याच्या चिपला लागणारं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्रॅम) नाही. डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये ते २०२३ च्या आवृत्ती १२ पासून येतं. तोवर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, ते जवळपास सगळीकडे आपोआप चालतं.

३२ बिट असेल तर

इथे खरं बोलायला हवं. जुन्या ३२ बिट प्रोसेसरसाठी वाट अरुंद होत चालली आहे. उबंटूने ३२ बिटची डेस्कटॉप इमेज १७.१० पासून बंद केली, लुबंटूची १८.१० ही शेवटची. डेबियन १२ पर्यंत ३२ बिटचा इन्स्टॉलर होता, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तो नाही. क्रोमने ३२ बिट लिनक्सचा हात २०१६ मध्येच सोडला. फायरफॉक्सची अशी शेवटची आवृत्ती १४४, त्यानंतर १४० ईएसआर या जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत, असं मोझिलाने सांगितलं आहे.

म्हणून आधी प्रोसेसर खरोखर ३२ बिटचा आहे का ते तपासा. एलएससीपीयू चालवलं की ऑपरेशन मोडच्या ओळीत ६४ बिट दिसतं की नाही ते कळतं. विंडोज ३२ बिटचं होतं म्हणून प्रोसेसरही तसाच, असं समजली जाणारी बरीच मशीनं प्रत्यक्षात ६४ बिट निघतात. २०१३-१४ च्या काही टॅबलेटवजा लॅपटॉपांत प्रोसेसर ६४ बिट आणि यूईएफआय (बायोसची नवी पिढी) ३२ बिट असं मिश्रण असतं. तिथे नेहमीचा पेनड्राइव्ह बूटच होत नाही, डेबियनची दोन्ही प्रकारच्या यूईएफआयला चालणारी इमेज घ्यावी लागते. आणि सुरुवातीच्या पेंटियम एमवर ‘पीएई नाही’ (जास्त रॅम वापरायची सोय नाही) असा निरोप येऊन इन्स्टॉलर थांबला, तर फोर्सपीएई हा पर्याय देऊन बघा. त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ती सोय असते, फक्त ते ती जाहीर करत नाहीत.

मग टाकायचं काय

दोष दूर झाल्यावर निवड सोपी होते. ६४ बिट, ४ जीबी आणि एसएसडी असेल तर मी लिनक्स मिंटचं एक्सएफसीई टाकतो. सगळ्यात हलकं ते नाही, पण वापरणाऱ्याला अडत नाही, आणि माझ्या लेखी याला जास्त किंमत आहे. २ जीबीला लुबंटू किंवा अँटीएक्स. १ जीबी आणि ३२ बिटला अँटीएक्स किंवा ट्रिनिटी डेस्कटॉप असलेलं क्यू४ओएस, दोन्हींची ३२ बिट आवृत्ती अजून अपडेट घेतेय याची खात्री करून. त्या मशीनकडून लिखाण, गाणी, छोटे हिशेब, प्रोग्रॅमिंगचा सराव एवढंच मागावं. फक्त ब्राउझरच लागणार असेल तर क्रोमओएस फ्लेक्सचा विचार करता येईल. त्याला किमान ४ जीबी रॅम लागते आणि गूगलच्या यादीत तुमच्या मॉडेलसमोर सपोर्ट कधी संपतो ते आधी बघावं.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि त्यानंतर आठवडाभर नेहमीसारखं वापरा. डिस्क, रॅम आणि डिस्ट्रो एकाच दिवशी बदललं तर मशीन चालेल, पण पुन्हा बिघडलं तेव्हा कशाने बरं झालं होतं ते कळणार नाही. कुणाला मदत मागताना ‘हँग होतं’ एवढंच न सांगता प्रोसेसरचं नाव, रॅम, स्मार्टचे चार आकडे, थिजल्यावर कॅप्स लॉकचं काय झालं आणि लॉगच्या शेवटच्या ओळी द्या.

दोन प्रकारच्या मशीनवर मात्र वेळ घालवू नका. बॅटरी फुगून टचपॅड किंवा तळ उचलला गेला असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. बॅटरी टोचू किंवा दाबू नका, जाणत्याकडून काढून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या. तिच्याशिवाय चार्जरवर मशीन चालत असेल तर पुढे बघता येईल. आणि डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा पाझरलेले दिसले, जे साधारण १९९९ ते २००७ च्या बोर्डांत पुष्कळ दिसतात, तर ते बदलणारा कारागीर नसल्यास तो बोर्ड सोडून द्या. एसएसडी काढून दुसऱ्या जुन्या मशीनमध्ये लावा. लिनक्स बहुतेक वेळा तसंच बूट होतं. पहिलं मशीन जुन्या बायोस पद्धतीचं आणि दुसरं फक्त यूईएफआयचं असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआयचं पार्टिशन बघून ग्रब (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) नव्याने बसवावं लागतं.